पाण्याच्या मीटरचा पल्स आउटपुट: पीएलसीचा आकडा मीटरशी जुळत नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्याच्या पंपहाऊसमध्ये ८० मिमीचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर आहे. मोटार चालू असताना प्रवाह तासाला साधारण ३६ घनमीटर. मीटरमध्ये एका लिटरला एक पल्स (ठरावीक पाणी गेलं की मीटर देतो तो छोटा विद्युत ठोका) आणि पल्सची रुंदी, म्हणजे तो चालू राहण्याचा वेळ, १०० मिलिसेकंद ठेवली आहे. १२० मीटर केबलने तो पल्स पॅनलमधल्या पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाच्या) साध्या डिजिटल इनपुटला आणला आहे. मीटरच्या पडद्यावर १०० घनमीटर वाढतात तेव्हा पीएलसीत ५०-५५ च वाढतात. शिवाय मोटार बंद असतानाही सकाळपर्यंत पीएलसीचा आकडा थोडा पुढे गेलेला दिसतो. मीटर बदलावा का?

बदलू नका. दिलेल्या आकड्यांवरून तरी मीटरमध्ये दोष दिसत नाही. इथे दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी कमी मोजणीचं पाहू. तासाला ३६ घनमीटर म्हणजे सेकंदाला १० लिटर. लिटरला एक पल्स म्हणजे सेकंदाला १० पल्स, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी एक. आणि पल्सची रुंदीच १०० मिलिसेकंद! एक पल्स संपायच्या आत दुसऱ्याची वेळ होते, मधे मोकळी जागाच उरत नाही. पीएलसी मोजते ते बंद-चालू होणं. सलग चालू राहिलेल्या सिग्नलमध्ये मोजण्यासारखं काही नसतं. असं होऊ नये म्हणून रुंदीइतकीच मोकळी जागा सोडायची असा बहुतेक मीटरचा नियम असतो, म्हणजे १०० मिलिसेकंद रुंदीला सेकंदाला जास्तीत जास्त ५ पल्स. तुमचा निम्मा आकडा तिथूनच आला. मोटार सुरू होताना-बंद होताना प्रवाह कमी असतो तेव्हा सगळे पल्स पोचतात, म्हणून नेमके ५० न दिसता थोडे जास्त दिसतात.

खात्री करायची असेल तर पुढचा व्हॉल्व्ह आवळून प्रवाह तासाला ९ घनमीटरवर आणा. आता सेकंदाला अडीच पल्स, दोन पल्समध्ये ४०० मिलिसेकंद. अर्धा तास चालवून दोन्ही आकडे ताडून पाहा. जुळले तर निदान पक्कं.

फरक किती आहे यापेक्षा तो कसा वागतो हे आधी बघावं, कारण त्यातच कारण सापडतं. फरक कायम एकाच पटीत असेल, म्हणजे पीएलसी नेमका दहावा हिस्सा किंवा हजारपट दाखवत असेल, तर पल्स व्हॅल्यूचा (एका पल्सला किती लिटर, याचा) किंवा लिटर-घनमीटरचा घोळ. प्रवाह वाढला की फरक वाढत असेल तर पल्स एकमेकांत मिसळताहेत. पीएलसी मीटरपेक्षा जास्त दाखवत असेल तर कुठून तरी खोटे पल्स येताहेत. वीज गेल्या-आल्यावरच फरक पडत असेल तर पीएलसीची मेमरी तपासा. आणि सुरुवातीचे काही आठवडे छान जुळून मग हळूहळू बिघडत गेलं असेल तर दोष प्रोग्राममधल्या बेरजेत आहे. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण तो फार थोड्यांच्या लक्षात येतो.

सेटिंग ठरवताना मीटरच्या मेनूपासून सुरुवात करू नका, पल्स घेणाऱ्या इनपुटपासून करा. पीएलसीच्या साध्या इनपुटला दोन गोष्टी हळू करतात: इनपुट फिल्टर, म्हणजे ठरावीक वेळेपेक्षा छोटे सिग्नल गाळणारी सेटिंग, आणि प्रोग्रामचा स्कॅन टाइम, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीला लागणारा वेळ. सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये इनपुट फिल्टरची मूळ सेटिंग ६.४ मिलिसेकंद असते. स्कॅन १५ मिलिसेकंदांचा धरला तर दोन्ही मिळून २१.४. सुरक्षिततेसाठी त्याची दुप्पट ४३. म्हणून पल्सची रुंदी ५० मिलिसेकंद ठेवली की कितीही वाईट वेळी आला तरी तो पल्स दिसणारच. दोन पल्समधली मोकळी जागाही किमान तेवढीच हवी.

आता दुसरी बाजू, जास्तीत जास्त प्रवाह. इथे रोजचा ३६ चा आकडा धरू नका. लाइन फुटली, टाकी रिकामी असताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडला किंवा दोन मोटारी एकदम चालल्या तरी मोजणी चुकता कामा नये. ८० मिमी पाइपात वेग सेकंदाला ३ मीटर धरला तर प्रवाह तासाला ५४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १५ लिटर. लिटरला एक पल्स ठेवला तर दोन पल्समध्ये जेमतेम ६७ मिलिसेकंद मिळतात. त्यात ५० रुंदी आणि ५० मोकळी जागा बसत नाही. १० लिटरला एक पल्स केला तर ६६७ मिलिसेकंद मिळतात, भरपूर. तेव्हा तुमच्यासाठी सेटिंग असं: पल्स व्हॅल्यू १० लिटर, रुंदी ५० मिलिसेकंद.

‘१० लिटरला एक म्हणजे अचूकता गेली’ ही शंका नेहमी येते. जात नाही. तासाला ३६ घनमीटरला ३,६०० पल्स येतात. एखादा पल्स या तासातून पुढच्या तासात गेला तरी फरक ०.०३ टक्के, आणि तो पुढच्या तासात भरून निघतो. एका लिटरचं रिझोल्यूशन खरोखर लागतं ते बॅच भरताना, म्हणजे मिक्सरमध्ये नेमकं २५० लिटर पाणी सोडायचं असेल तेव्हा. तिथे हायस्पीड काउंटरचं (स्कॅनची वाट न बघता पल्स मोजणाऱ्या पीएलसीतल्या वेगळ्या मोजणीयंत्रणेचं) इनपुट वापरा आणि पल्सची रुंदी कमी करा. पण फिल्टर कमी करायला विसरू नका. एस७-१२०० मध्ये हायस्पीड काउंटर सुरू केला तरी त्या इनपुटचा ६.४ मिलिसेकंदांचा फिल्टर तसाच राहतो आणि ७८ हर्ट्झच्या वरचं काही आत येऊ देत नाही. हायस्पीड काउंटर लावूनही मोजत नाही या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच असतं.

माझं स्पष्ट मत आहे की नुसती टोटल मोजायची असेल तिथे पल्स जितका सावकाश आणि रुंद ठेवता येईल तितका ठेवावा. ५० मिलिसेकंदांच्या पल्सला इनपुट फिल्टर १० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येतो (स्कॅन १५ च राहिला तर बेरीज २५ होते, तिची दुप्पट ५०), आणि मोटारीच्या केबलमुळे येणारे छोटे झटके त्या फिल्टरमध्येच संपतात. २ मिलिसेकंदांचा पल्स असेल तर ही सोय राहत नाही. खरा पल्स आणि झटका यांत फरक करायला फिल्टरकडे काही साधन उरत नाही.

मेनूत शिरल्यावर आणखी तीन गोष्टी बघा. पहिली, आउटपुटचा प्रकार. बऱ्याच इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरमध्ये त्याच दोन टर्मिनलवर पल्स, फ्रिक्वेन्सी किंवा अलार्म यांपैकी एक निवडायचं असतं. फ्रिक्वेन्सी मोडमध्ये पूर्ण प्रवाहाला १,००० किंवा १०,००० हर्ट्झ अशी मांडणी असते, तिचा लिटरशी थेट संबंध नसतो. टोटलसाठी पल्स मोडच हवा. दुसरी, दिशा. फक्त पुढचा प्रवाह, दोन्ही दिशांची बेरीज की वजाबाकी, असे पर्याय असतात. पंपाच्या डिलिव्हरी लाइनवर फक्त पुढचा निवडा, नाहीतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर मागे येणारं पाणीही मोजलं जाईल. तिसरी, लो-फ्लो कट-ऑफ. त्याखालचा प्रवाह मीटर शून्य मानतो. पूर्ण प्रवाहाच्या एक ते दोन टक्क्यांवर ठेवणं बहुतेक ठिकाणी ठीक असतं. तो शून्यावर ठेवला तर पाइपात पाणी नुसतं हललं तरी पल्स पडतात.

आता वायरिंग. मीटरचा आउटपुट ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह, हे आधी ठरवा. ॲक्टिव्ह आउटपुट स्वतः २४ व्होल्ट देतो. पॅसिव्ह आउटपुट हा नुसता ट्रान्झिस्टरचा स्विच असतो, व्होल्टेज बाहेरून द्यावं लागतं. टर्मिनल मोकळे ठेवून मीटरच्या मेनूतून पल्स सिम्युलेशन चालू करा आणि मल्टिमीटरने डीसी व्होल्ट बघा. व्होल्टेज येत-जात असेल तर ॲक्टिव्ह, काहीच नसेल तर पॅसिव्ह. ॲक्टिव्ह आउटपुटला पॅनलचे २४ व्होल्ट जोडले तर तो भाग जळू शकतो, म्हणून ही दोन मिनिटं वाचवू नका. पॅसिव्ह आउटपुटची मर्यादा सहसा ३० व्होल्ट डीसी असते. त्याला २३० व्होल्ट एसीचा रिले किंवा काउंटर जोडायचा नाही.

पॅसिव्ह आउटपुट मीटरच्या सप्लायपासून पूर्ण वेगळा, म्हणजे आयसोलेटेड असेल तर काम सोपं आहे. पीएलसीच्या इनपुटचा कॉमन (सगळ्या इनपुटांचं सामाईक टर्मिनल) ० व्होल्टला असेल तर पॅनलचे +२४ मीटरच्या प्लस टर्मिनलला, आणि मीटरचं मायनस टर्मिनल इनपुटला. कॉमन +२४ ला असेल तर मीटरचं प्लस इनपुटला आणि मायनस पॅनलच्या ० व्होल्टला. प्लस-मायनस उलटं झालं तर बऱ्याच मीटरमधल्या संरक्षक डायोडमुळे इनपुट कायम चालू दिसतं आणि एकही पल्स मोजला जात नाही. घाबरू नका, वायर अदलाबदल करा.

अडचण होते ती आउटपुटचं मायनस मीटरच्या सप्लायच्या मायनसशी आतूनच जोडलेलं असतं तेव्हा, आणि पीएलसीचा कॉमनही ० व्होल्टला असतो. अशा वेळी पुल-अप रेझिस्टन्स लावावा लागतो: +२४ आणि इनपुट यांच्यामध्ये रेझिस्टन्स, आणि मीटरचा कलेक्टर (आउटपुटचं प्लस टर्मिनल) इनपुटलाच. इथे हाताशी असलेला १० किलोओहमचा रेझिस्टन्स लावून बसणारे खूप आहेत. पीएलसीच्या इनपुटचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण ४.७ किलोओहम धरा. १० किलोओहम लावला तर इनपुटवर ७.७ व्होल्टच पोचतात. २४ व्होल्टच्या इनपुटला ‘चालू’ समजायला १५ व्होल्ट लागतात आणि ५ च्या खाली ते ‘बंद’ समजतं, ७.७ हे मधल्या अनिश्चित पट्ट्यात येतं, कधी मोजेल कधी नाही. १ किलोओहम लावा, १९.८ व्होल्ट मिळतात. मात्र ट्रान्झिस्टर चालू असताना त्या रेझिस्टन्समधून २४ मिलिॲम्पिअर वाहतात, म्हणजे ०.५८ वॅट उष्णता. पाव वॅटचा रेझिस्टन्स लावला तर करपेल. १ वॅटचा घ्या, आणि मीटरचा आउटपुट २४ मिलिॲम्पिअर सोसतो का ते मॅन्युअलमध्ये बघा. या जोडणीत सिग्नल उलटा होतो, पण मोजणीला त्याने काही फरक पडत नाही.

मधे साधा रिले टाकायचा सल्ला मिळेल. नको. सेकंदाला एक पल्स आणि दिवसाला १६ तास मोटार म्हणजे रोज ५७,६०० वेळा रिले खटखटणार. १ कोटी वेळा चालण्याचं यांत्रिक आयुष्य असलेला चांगला रिलेसुद्धा सहा महिन्यांत संपतो, आणि संपताना एकदम बंद न पडता अधूनमधून पल्स गाळतो. आयसोलेशन हवं असेल तर पॅनलमधल्या डीआयएन रेलवर (उपकरणं बसवायच्या पट्टीवर) बसणारा ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा हलत्या भागांशिवायचा स्विच, घ्या.

केबलच्या जाडीची चिंता करू नका. ०.५ चौमिमीच्या १२० मीटर जोडीचा येऊन-जाऊन रेझिस्टन्स १० ओहमच्या आसपास असतो. इनपुटच्या ५-७ मिलिॲम्पिअरला त्यात व्होल्टेज पडतच नाही म्हटलं तरी चालेल. महत्त्व आहे ते केबल कुठून नेली याला. पिळलेली शिल्डेड जोडी घ्या, शिल्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ करा, मीटरच्या टोकाला कापून टेप लावा. मोटारीच्या आणि व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलपासून किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. स्टार्टरच्या २३० व्होल्टच्या कंट्रोल केबलमधली मोकळी कोर पल्ससाठी वापरली की खोटे पल्स ठरलेलेच. पंपहाऊस उघड्यावर असेल तर पावसाळ्याआधी पल्सच्या जोडीला दोन्ही टोकांना २४ व्होल्टचे सर्ज प्रोटेक्टर लावून घ्या. विजेच्या कडकडाटात आधी हाच आउटपुट आणि पीएलसीचं इनपुट जातं.

आता रात्रीचं. मोटार बंद करताना मीटरच्या पडद्यावरची टोटल आणि पीएलसीची टोटल दोन्ही लिहून ठेवा, एकदा पाच मिनिटांनी आणि एकदा सकाळी बघा. मीटरची टोटल थांबली आणि पीएलसीची फक्त पहिल्या मिनिटभरात वाढून मग थांबली, तर मीटर साठवलेले पल्स सोडत होता. काही मीटर वेळेत न निघालेले पल्स थोडा वेळ राखून नंतर देतात. नवं सेटिंग केल्यावर हे आपोआप बंद होईल. पीएलसी रात्रभर वाढत राहिली आणि मीटर जागचा हलला नाही, तर झटके केबलमधून येताहेत. वरची वायरिंग तपासा. दोन्ही वाढले तर कारण पाइपात आहे. एकतर कुठेतरी खरोखर पाणी वाहतंय, नाहीतर मोटार थांबल्यावर लाइन रिकामी होते आणि इलेक्ट्रोड उघडे पडल्याने मीटर मनाला येईल ते वाचतो. मीटरच्या मेनूतलं एम्प्टी पाइप डिटेक्शन (रिकामा पाइप ओळखून मोजणी थांबवणारी सोय) चालू करा, आणि शक्य असेल तर मीटर अशा जागी न्या की पाइप कायम भरलेला राहील. पाइप एचडीपीई किंवा पीव्हीसीचा असेल तर मीटरला अर्थिंग रिंग (पाण्याला टेकणाऱ्या धातूच्या कड्या) आहेत का तेही बघा. त्या नसतील तर पाण्याचा आणि मीटरचा अर्थ एक होत नाही आणि आकडा नाचतो.

पीएलसीतल्या मोजणीकडे वळू. पल्सची चढती कड मोजा आणि टोटल पूर्णांकात ठेवा, तीही ३२ बिटच्या. १६ बिटचा काउंटर ३२,७६७ ला भरतो. लिटरला एक पल्स असताना तुमच्या प्रवाहाला तो ५५ मिनिटांतच भरला असता. दशांश संख्येत म्हणजे रिअलमध्ये दर पल्सला ०.०१ घनमीटर मिळवत जायची पद्धत तर अजिबात वापरू नका. ३२ बिटच्या रिअलमध्ये संख्या मोठी झाली की तिची पायरीही मोठी होते. टोटल ३२,७६८ च्या पुढे गेली की दर पल्सला ०.०१ ऐवजी ०.०११७ जमा होतात, ६५,५३६ नंतर ०.००७८, १,३१,०७२ नंतर ०.०१५६, आणि २,६२,१४४ नंतर काहीच जमा होत नाही, आकडा गोठतो. रोज १६ तास चालणाऱ्या तुमच्या लाइनवर पहिला ठळक फरक दोन महिन्यांतच दिसू लागेल, आणि दोष मात्र मीटरच्या माथी जाईल. पल्स मोजा, आणि फक्त पडद्यावर दाखवताना १०० ने भागा. तो पूर्णांक रिटेन्टिव्ह मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत ठेवा. हायस्पीड काउंटरचा चालू आकडा बऱ्याच पीएलसींमध्ये वीज जाताच पुसला जातो, म्हणून त्यातला फरक दर सेकंदाला रिटेन्टिव्ह टोटलमध्ये टाकत राहा.

पल्सवरून प्रवाहाचा दरही काढायचा असेल तर एका सेकंदात किती पल्स आले हे मोजू नका; पडद्यावर ०, ३६, ७२ अशा उड्या दिसतील. दोन पल्समधला वेळ मोजा. १० लिटरच्या पल्सला तासाचे घनमीटर म्हणजे ३६ भागिले सेकंद. २० सेकंद पल्स आला नाही तर दर शून्य दाखवा. मीटरला ४-२० मिलिॲम्पिअरचा आउटपुट (प्रवाहाच्या प्रमाणात बदलणारा करंट सिग्नल) मोकळा असेल तर दरासाठी तोच उत्तम. आणि आरएस-४८५ वर मॉडबस (दोन तारांवरून आकडे थेट वाचायची पद्धत) असेल तर टोटल थेट मीटरच्या रजिस्टरमधून वाचा. वीज जाऊन पीएलसी बंद राहिली तरी तो आकडा चुकत नाही. पल्स मग डोसिंगसाठी ठेवा: क्लोरीनच्या डोसिंग पंपाला १० लिटरचा पल्स मिनिटाला ६० येतो, आणि मिनिटाला १८० स्ट्रोक घेणारा पंप तो सहज पचवतो.

इलेक्ट्रोमॅग्नेटिकऐवजी रीड स्विचचा (चुंबक समोर आला की जुळणाऱ्या संपर्काचा) यांत्रिक मीटर असेल तर हिशेब थोडा बदलतो. तिथे पल्सची रुंदी सेट करता येत नाही, चुंबक जितका वेळ रीडसमोर असेल तितका वेळ संपर्क बंद राहतो. पाणी नेमकं तिथेच थांबलं तर संपर्क रात्रभर बंद राहील. तो बिघाड नाही. चुंबक रीडच्या काठावर थांबला आणि दाबातल्या चढउताराने चक्र मागे-पुढे डुललं तर मात्र खोटे पल्स पडतात. त्याला उपाय दोन रीडचा, दिशा ओळखणारा सेन्सर. रीडचा संपर्क बंद होताना उसळतो, म्हणून २० ते ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स, म्हणजे उसळी थांबेपर्यंतची वाट, ठेवा. पल्स १०० किंवा १,००० लिटरला एक असतो, त्यामुळे एवढा उशीर चालतो. रीडने कॉन्टॅक्टरची कॉइल थेट ओढायची नाही, संपर्क चिकटतात.

भूजल उपसणाऱ्या उद्योगांना केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टेलिमेट्री (आकडे दूरवर आपोआप पाठवण्याची सोय) असलेला डिजिटल मीटर लागतो. टेलिमेट्रीचा डेटा लॉगर पल्सवर चालत असेल तर त्यात पल्स व्हॅल्यूसोबत मीटरची सुरुवातीची टोटलही भरा, नाहीतर पोर्टलवरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा पहिल्या दिवसापासून वेगळे राहतात.

शेवटची चाचणी अशी घ्या. मीटरच्या सिम्युलेशनमधून ठरावीक पल्स सोडा आणि पीएलसीत तितकेच आले का बघा. एकही कमी-जास्त चालणार नाही. पीएलसी गप्प असेल तर इनपुटवरची वायर काढा आणि ती वायर व इनपुटचा कॉमन यांच्यामध्ये २.२ किलोओहम, अर्धा वॅटचा रेझिस्टन्स आणि एलईडी लावा. एलईडी लुकलुकत असेल तर मीटर आणि केबल ठीक, दोष पीएलसीकडे. मग खरं पाणी वाहू द्या आणि किमान १,००० पल्स, म्हणजे तुमच्या बाबतीत १० घनमीटर होईपर्यंत थांबा. शंभर पल्सवर ताडून पाहिलं तर एका पल्सचा फरकच एक टक्का होतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. हीच चाचणी व्हीएफडी पूर्ण वेगात असताना एकदा आणि बाजूच्या मोटारी सुरू-बंद करत एकदा घ्या. जुळलं की मीटरच्या मेनूला पासवर्ड लावा आणि ‘१ पल्स = १० लिटर, ५० मिलिसेकंद, फक्त पुढचा प्रवाह’ अशी चिठ्ठी पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. मीटर दुरुस्तीला जाऊन परत आला किंवा बदलला की सेटिंग कारखान्यातल्या मूळ आकड्यांवर गेलेलं असतं, आणि त्या दिवशी पॅनलसमोर उभ्या असलेल्या माणसाला या तीन गोष्टी लागतात.